आधीं काय, मागाहून काय?

(आकाशवाणीवरील भाषण. वक्ते फर्दापूर येथील निवृत्त शिक्षक आहेत.)

अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास येणारे प्रवासी आमच्या फर्दापुरास उतरतात, तिठ्यावर बस गांठतात, आणि पहिलें, दुसरें, सोळावें, सतरावें अशीं नामांकित लेणीं पाहून दिवस मावळण्याच्या आंत परततात. चोविसाव्या लेण्यांत फारसें कोणी रेंगाळत नाहीं. तें अपुरें राहिलेलें लेणें आहे. मी मात्र शाळेंतील मुलांना घेऊन गेलों, कीं त्यांना तेथें आवर्जून उभें करीत असें. कारण पुऱ्या झालेल्या लेण्यांत काम दिसतें. अपुऱ्या लेण्यांत कामाचा क्रम दिसतो.

त्या कारागिरांनीं डोंगर वरून खालीं खोदीत आणला. आधीं छत, मग भिंती, शेवटीं जमीन. वरचें काम चालूं असतां खालचा न खोदलेला खडक हाच त्यांच्या पायाखालीं असे. निराळी परांची बांधावी लागत नसे. खांब मागाहून आणून उभा करतां येत नाहीं. तो खडकांतच आधीं राखावा लागतो. चित्र काढावयाचें, तर प्रथम भिंत खरबरीत करावयाची, मग भाताचें तूस आणि गवताचे तंतु घातलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरूची रेघ आणि नंतर रंग. यांपैकीं एकहि काम आपल्या जागेवरून हलवितां येत नाहीं. परंतु एका भिंतीचा गिलावा वाळत असतां दुसऱ्या बाजूस छिन्नी चालण्यास कांहींच हरकत नाहीं.

म्हणजे प्रश्न तीन झाले. कोणतें काम कोणत्या कामाच्या आधीं? कोणतीं कामें एकाच वेळीं चालूं शकतील? आणि हाताशीं असलेलीं माणसें कोठें, केव्हां लावावयाचीं? हे प्रश्न लेण्यांइतके जुने आहेत. परंतु आज संगणकशास्त्रांत याच तीन प्रश्नांवर एक मोठी शाखा उभी आहे. कामांचा परस्परसंबंध सांभाळून तीं पार पाडणाऱ्या व्यवस्थेस ‘वर्कफ्लो मॅनेजमेंट सिस्टिम’ म्हणतात, आणि कोणतें काम केव्हां व कोणत्या यंत्रावर चालवावयाचें हें ठरविण्यास ‘टास्क शेड्यूलिंग’ म्हणतात. आपण त्यांना अनुक्रमें कार्यक्रम-व्यवस्था आणि काम-वांटणी म्हणूं.

मी मॅट्रिक झालेला मनुष्य. संगणक हा माझा विषय नव्हे. परंतु वेळापत्रक हा माझा विषय आहे. बावीस वर्षें आमच्या शाळेचें वेळापत्रक माझ्याकडे होतें. उन्हाळ्याच्या सुटींत जमिनीवर जुन्या वहीचे पुठ्ठे मांडून, त्यांवर वर्गांच्या व शिक्षकांच्या चिठ्ठ्या सरकवीत मी बसत असें. चित्रकलेचे शिक्षक आठवड्यांतून दोनच दिवस येणार, प्रयोगशाळा एकच, गणित शेवटच्या तासाला नको, आणि कोणत्याहि शिक्षकाला एकाच घटकेला दोन वर्गांवर उभें करतां यावयाचें नाहीं. एक चिठ्ठी हलविली कीं चार हलत. पुष्कळ वर्षें मला वाटे, आपली बुद्धि तोकडी पडते म्हणून असें होतें. पुढें माझ्या एका विद्यार्थ्यानें सांगितलें, कीं शाळेच्या वेळापत्रकाचा प्रश्न हा मुळांतच अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गांत बसतो, असें गणितज्ञांनीं १९७६ सालीं सिद्ध करून ठेवलें आहे. त्या दिवशीं मला जें समाधान वाटलें, तें निवृत्तीच्या सत्कारानेंहि वाटलें नाहीं.

तो कठीण कां, हें पाहूं. दहा कामें एकामागून एक करावयाचीं झालीं, तर त्यांचे क्रम ३६ लक्ष २८ हजार ८०० होतात. कामें पंधरा झालीं, तर क्रमांची संख्या १ लक्ष ३० हजार कोटींच्या वर जाते. पांच कामें वाढलीं, पण क्रम साडेतीन लाखांहून अधिक पटींनीं वाढले. सगळे क्रम तपासून उत्तम तेवढा निवडावा, ही गोष्ट अतिशय वेगवान यंत्रासहि लौकरच अशक्य होऊन बसते. हे सर्व क्रम न तपासतां उत्तम तेवढा झटकन् सांपडवून देणारी युक्ति असल्या प्रश्नांसाठीं आजवर कोणासहि सांपडलेली नाहीं. आणि ती असूंच शकत नाहीं, असेंहि कोणी सिद्ध केलेलें नाहीं. म्हणून व्यवहारांत चांगला क्रम पुरेसा मानावा लागतो. सर्वोत्तमाचा हट्ट धरतां येत नाहीं.

आतां या विद्येंतील सर्वांत चमत्कारिक गोष्ट सांगतों. श्रोत्यांनीं हातीं कागद-पेन्सिल घेतली तर बरें. रोनाल्ड ग्रॅहॅम नांवाचे अमेरिकन गणितज्ञ होते. त्यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलेल्या एका नमुन्यास मी आपल्या घरांतील कपडे चढवितों. आंकडे त्यांचेच आहेत.

घरीं लग्नकार्य आहे. कामें नऊ. पहिलें, निमंत्रितांची यादी करणें, तीन तास. दुसरें, भांडीं मोजून घेणें, दोन तास. तिसरें, अंगण झाडून सारवणें, दोन तास. चौथें, बाजारांतून सामान आणणें, दोन तास. पांचवें लाडू, सहावें करंज्या, सातवें चकल्या आणि आठवें शेव. या चारांना प्रत्येकीं चार तास. नववें, पत्रिकांवर पत्ते लिहिणें, नऊ तास. बंधनें दोनच. सामान आल्याखेरीज फराळाचें कोणतेंहि काम सुरूं होत नाहीं, आणि यादी झाल्याखेरीज पत्ते लिहितां येत नाहींत. एक काम एकानेंच पुरें करावयाचें. आणि नियम असा, कीं जो मोकळा होईल त्यानें यादींत वरून पाहत यावें, आणि जें पहिलें करण्याजोगें काम दिसेल तें उचलावें. यापेक्षां शहाणपणाचा नियम घरांतील वडील माणसें तरी कोणता सांगणार?

माणसें तीन आहेत असें धरूं. पहिला यादी करावयास बसला, दुसरा भांडीं मोजूं लागला, तिसरा अंगणांत गेला. दोन तासांनीं दुसरा बाजारांत गेला. तिसऱ्यास कामच नाहीं. सामान आलें नाहीं, यादीहि झाली नाहीं. तो बसून राहिला. तिसऱ्या तासाअखेर यादी झाली. पहिल्यानें लगेच पत्ते घेतले, ते बाराव्या तासाला संपतील. चौथ्या तासाला सामान आलें. दोघांनीं लाडू आणि करंज्या केल्या, मग चकल्या आणि शेव. तेंहि बाराव्या तासाला संपलें. सगळें कार्य बारा तासांत आटोपलें.

आतां मदतीस चौथें माणूस आलें. नियम तोच. चौघांनीं पहिलीं चार कामें एकदम उचललीं. दोन तासांत सामान आलें; तिघे लाडू, करंज्या, चकल्यांस लागले. तिसऱ्या तासाला यादी संपवून पहिला मोकळा झाला. नियमाप्रमाणें त्यानें शेव घेतली. सहाव्या तासाला चकल्या संपल्या, तेव्हां कोठें पत्त्यांना हात लागला; आणि पत्त्यांचे नऊ तास धरून कार्य पंधराव्या तासाला संपलें! कोणी एक क्षण चुकारपणा केला नाहीं, नियम कोणी मोडला नाहीं, माणूस एक वाढलें, आणि काम तीन तासांनीं लांबलें.

एवढ्यानेंच संपत नाहीं. माणसें तीनच ठेवा, पण प्रत्येक काम एकेक तास लौकर होतें असें धरा. हिशेब करून पाहा. बारा तासांचें काम तेरा तासांवर जातें. प्रत्येकजण चपळ झाला आणि घर मात्र मंद झालें.

चूक कोठें झाली? यादी आणि तिच्या मागून येणारे पत्ते ही बारा तासांची एक सांखळी आहे. ती कितीहि माणसें लावलीं तरी बारा तासांच्या आंत संपणार नाहीं. तेव्हां सर्वांत लांब सांखळी कोणती हें प्रथम शोधावें, आणि तिच्यांतील काम कधींहि अडूं देऊं नये. चौघे असतां तिसऱ्या तासाला मोकळ्या झालेल्या मनुष्यानें शेव न घेतां पत्ते घेतले असते, तर शेव मागाहून सहाव्या तासाला सुरूं होऊनहि दहाव्या तासाला संपती, आणि कार्य बाराव्या तासाला पुरें होतें. त्याहूनहि लौकर व्हावें असें वाटत असेल, तर पांचवें माणूस बोलावून उपयोग नाहीं. पत्त्यांचें काम दोघांत वांटतां येईल अशी मांडणी केली पाहिजे. ग्रॅहॅम यांनीं या भोळ्या नियमाची बाजूहि मांडली आहे. जो मोकळा होईल त्यानें पुढचें काम उचलावें, या साध्या रीतीनें लागणारा वेळ सर्वोत्तम योजनेच्या दुपटीच्या आंतच राहतो, असें त्यांनीं सिद्ध केलें. भोळेपणाची किंमत द्यावी लागते, पण तीस मर्यादा आहे.

हें झालें नऊ कामांचें. लाखों कामें असतील तेव्हां काय होत असेल? त्याचें उदाहरण आपल्या मराठवाड्याशीं नातें असलेलें आहे, म्हणून तेंच घेतों.

सन २०१५ च्या सप्टेंबरच्या १४ तारखेस, आपल्या घड्याळाप्रमाणें दुपारीं ३ वाजून २० मिनिटांनीं, अमेरिकेंतील ‘लायगो’ वेधशाळेच्या दोन केंद्रांतून एक अतिसूक्ष्म कंप गेला. सुमारें १३० कोटी प्रकाशवर्षें अंतरावर दोन कृष्णविवरें एकमेकांत विलीन झालीं, त्यांची ती गुरुत्वीय लहर होती. लायगोचा एकेक बाहु ४ किलोमीटर लांबीचा आहे. त्या लांबींत पडलेला फरक प्रोटॉन या कणाच्या व्यासाच्या सुमारें चारशेंव्या भागाएवढा होता. इतक्या नाजूक यंत्रास दूरचा भूकंप, समुद्राची लाट, रस्त्यावरची मोटार, सर्वच जाणवतें. त्या गोंगाटांतून खरी हांक ओळखावयाची कशी?

एक उपाय असा. निरनिराळ्या वजनाचीं कृष्णविवरें एकमेकांत मिळालीं तर लहर कशी दिसेल, याचे साचे आधींच गणितानें तयार करावयाचे, आणि नोंदींवरून एकेक साचा सरकवीत कोठें जुळतो तें पाहावयाचें. या साच्यांची निवड कशी करावी, याचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेंतील डॉ. संजीव धुरंधर यांचें नांव आदरानें घेतलें जातें. त्यांचा आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा या विषयावरील निबंध १९९१ सालचा आहे. २०१५ च्या त्या शोधांत सुमारें अडीच लक्ष साचे वापरले गेले.

लहरीची पहिली चाहूल एका निराळ्या, जलद शोध-पद्धतीस अवघ्या तीन मिनिटांत लागली होती. परंतु चाहूल लागणें वेगळें आणि सिद्ध होणें वेगळें. प्रत्येक केंद्राच्या नोंदींचे तुकडे करावयाचे. प्रत्येक तुकड्याशीं साचे ताडावयाचे. दोन्ही केंद्रांवर एकच साचा एका सेकंदाच्या पंधरा सहस्रांशांत जुळला आहे काय, तें पाहावयाचें. मग सर्वांत चिकाटीचें काम. हा जुळून आलेला निव्वळ योगायोग नाहीं कशावरून? तर एका केंद्राची नोंद दुसऱ्याच्या पुढें-मागें सरकवावयाची आणि पुनः शोध घ्यावयाचा. अशा सरकविलेल्या नोंदींत जें जुळेल तें निश्चित खोटें. सोळा दिवसांची नोंद अशी वारंवार सरकवून ६ लक्ष ८ हजार वर्षांच्या नोंदीइतकी सामग्री तपासण्यांत आली, आणि इतका जोरकस योगायोग २ लक्ष ३ हजार वर्षांत एकदांहि घडावयाचा नाहीं असा निष्कर्ष निघाला. मग २०१६ च्या फेब्रुवारीच्या ११ तारखेस ती वार्ता जगास कळविण्यांत आली.

श्रोतेहो, यांत लग्नघरांतील कामांचाच आकार आहे. साच्यांशीं तुकडे ताडणें हीं लाडू-करंज्यांसारखीं कामें. हजार यंत्रें असलीं तर हजार ठिकाणीं एकदम चालतील. परंतु नोंद शुद्ध होऊन आल्याखेरीज तीं सुरूं होत नाहींत, आणि दोन्ही केंद्रांची ताडणी संपल्याखेरीज जुळणी पाहतां येत नाहीं. असल्या कामांचा पसारा कोणा मनुष्यानें चिठ्ठ्या सरकवून सांभाळणें शक्य नाहीं. तो ‘पेगॅसस’ नांवाच्या कार्यक्रम-व्यवस्थेनें सांभाळला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेंत इवा डीलमन या विदुषींच्या नेतृत्वाखालीं २००१ पासून ती तयार होत आली आहे. तिच्या हाताखालीं ‘एचटीकॉन्डॉर’ ही काम-वांटणीची व्यवस्था राबते. ती विस्कॉन्सिन विद्यापीठांत मिरॉन लिव्हनी आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८८ पासून वाढविली.

या दुसरीचा जन्म मोठा मौजेचा आहे. विद्यापीठांतील टेबलाटेबलांवरचे संगणक रात्रीं नि सुटीच्या दिवशीं रिकामे असत. ज्याला मोठें गणित करावयाचें असेल त्याचें काम या रिकाम्या यंत्रांवर पाठवावें, आणि मालक परत आला कीं यंत्र त्याच्या स्वाधीन करावें, अशी ही कल्पना. आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत एखादा शेतकरी मागें पडला, तर गांवांतील लोक आपापलीं औतें घेऊन त्याच्या शेतांत उतरत आणि तो त्यांस जेवूं घालीत असे. त्यास ‘इर्जिक’ म्हणत. विस्कॉन्सिनमध्यें यंत्रांची इर्जिक झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अशी व्यवस्था चार गोष्टी करते. पहिली, कामांचा आराखडा ठेवते. एकेक काम म्हणजे एकेक बिंदु, आणि ‘याच्यानंतर तें’ म्हणजे एकेक बाण. अट एवढीच, कीं बाणांचा फेरा होतां कामा नये. लग्न झाल्याशिवाय वेड बरें होत नाहीं आणि वेड बरें झाल्याशिवाय लग्न होत नाहीं, अशी गत झाली तर कोणतीच व्यवस्था कांहीं करूं शकत नाहीं. दुसरी, ज्या यंत्रावर काम व्हावयाचें, तेथें लागणारी सामग्री आधीं पोंचती करते. तिसरी, काम फसलें तर तें पुनः करून पाहते. आणि तरीहि न जमलें, तर कोठवर आलें होतें याची खूण ठेवते. पोथी वाचतांना पानांत मोरपीस घालून ठेवावें आणि दुसऱ्या दिवशीं तेथून पुढें वाचावें, तसें. हजारों यंत्रांत एखादें बंद पडणें हा अपघात नव्हे, नित्याची गोष्ट आहे. अजिंठ्याच्या चौथ्या लेण्याच्या छताच्या खडकांत दोष निघाला आणि बेत बदलावा लागला, असें अभ्यासक सांगतात. खडक असो कीं यंत्र असो, काम मध्येंच फसणार हें धरून जो बेत केला जातो, तोच खरा बेत.

चौथी गोष्ट म्हणजे नोंद. कोणतें काम कोणत्या यंत्रावर, कोणत्या सामग्रीनें, केव्हां झालें, हें सर्व लिहिलेलें असतें. उद्यां कोणी शंका काढली, तर तीच वाट पुनः चालून दाखवितां येते. शास्त्रांत उत्तर बरोबर येऊन भागत नाहीं. तें कोणत्या पायऱ्यांनीं आलें हें दाखवावें लागतें. गणिताच्या वहींत नुसतें उत्तर लिहिणाऱ्या मुलास मी निम्मे गुण देत असें, तें याचसाठीं.

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ च्या एप्रिलच्या ६ तारखेस २६०० कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली. तिचेहि बाहु चार-चार किलोमीटरांचे असावयाचे आहेत. पुण्यास आयुकांत गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासासाठीं संगणकांचा एक समूह आहे. त्याचें नांव ‘सारथि’. ज्यानें हें नांव ठेवलें त्यानें नेमकें ओळखलें आहे. सारथि स्वतः बाण मारीत नाहीं. रथ कोठें, केव्हां न्यावयाचा, तेवढें तो पाहतो.

शेवटीं माझी एक चूक सांगून पुरें करतों. वर सांगितलेल्या व्यवस्थेच्या नोंदवहींत प्रत्येक कामापुढें वाट पाहण्यांत गेलेला वेळ आणि प्रत्यक्ष कामांत गेलेला वेळ हे दोन्ही निरनिराळे लिहिलेले असतात. ही गोष्ट मला प्रथम कळली, तेव्हां मी कांहीं वेळ बोललों नाहीं.

आमच्या शाळेंत प्रयोगशाळेचें साहित्य मांडणारा एक गडी होता. तिसऱ्या तासाला मी वऱ्हांड्यांतून जाई, तेव्हां तो रोज पायरीवर बसलेला दिसे. एके दिवशीं मीं त्यास मुलांसमोर कामचुकार म्हटलें. तो उभा राहिला, कांहीं बोलला नाहीं. त्या वर्षीं वेळापत्रक करतांना मीं दोन वर्गांचे प्रयोग पाठोपाठ घातले होते. पहिला वर्ग उठल्यावांचून दुसऱ्याचें साहित्य मांडतां येत नव्हतें, आणि वर्ग उठेपर्यंत आंत पाऊल ठेवण्यास जागा नव्हती. तो बसला नव्हता. तो माझ्या वेळापत्रकाची वाट पाहत होता. लग्नघरांतील तिसऱ्या मनुष्यासारखा त्याचाहि तास मींच रिकामा ठेवला होता, आणि दोष मात्र त्यास दिला. हें मला कळलें तोंवर तो निवृत्त होऊन आपल्या गांवीं गेला होता. माझ्या हजेरीपटांत रकाना एकच होता. हजर किंवा गैरहजर. वाट पाहणाऱ्यासाठीं रकाना नव्हता.

तेव्हां घरीं, कचेरींत, शाळेंत, काम कां अडलें असा प्रश्न येईल, त्या वेळीं माणूस वाढविण्यापूर्वीं किंवा माणसास बोलण्यापूर्वीं एक कागद घ्यावा. कामें लिहावींत, त्यांमध्यें बाण काढावेत, सर्वांत लांब सांखळी कोणती तें पाहावें. आणि जो बसलेला दिसतो तो कशाची वाट पाहत आहे, हें त्यासच विचारावें.